आप्पा ऐकून घेतात

गुडघा सुजला म्हणून मी डेअरीवर जायचं बंद केलं. मी केलं ते एवढंच. बाकी जे झालं ते माझ्या पोरानं, बायकोनं आणि गावानं केलं, आणि नाव मात्र माझं झालं.

आधी सांगून टाकतो, मी चौथी पास आहे, तेही मास्तर कंटाळले म्हणून. तेव्हा इथं शुद्धलेखन शोधत बसू नका. आमचं गाव पारनेर तालुक्यात. राळेगणला लांबलांबून पाहुणे बघायला येतात, आमच्याकडं जावईसुद्धा दिवाळीशिवाय फिरकत नाहीत. गावात नाव घेण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे दूध सोसायटी, आणि तिचा चेअरमन मी. कैक वर्षं. सकाळ-संध्याकाळ फाट्यावरच्या डेअरीत खुर्ची टाकून बसायचं आणि कुणी तोंड उघडलं की ते मिटवायचं, हा माझा कारभार. सभेतही माझी एक रीत आहे. विषय वाचायचा, "कुणाचा विरोध?" म्हणायचं, आणि लोक श्वास घेतात तेवढ्यात "न्हाई. मंजूर!" म्हणून पुढं जायचं. जो गप्प तो राजी. आमची वार्षिक सभा चहा उकळायच्या आत संपते. (असा झटपट कारभार तालुक्यात दुसरा दाखवा.)

नगरच्या डॉक्टरनं गुडघ्यातलं पाणी काढलं आणि वस्तीवर पडून राहायला सांगितलं. वस्ती डेअरीपासून लांब, मधे ओढा. त्यात सभा तोंडावर आलेली, चेअरमनची निवड त्याच सभेत, आणि श्रीमंत ठुबे टपून बसलेला. हा श्रीमंत असा गडी की खुर्ची दोन दिवस मोकळी दिसली तर तिसऱ्या दिवशी हाच तिच्यात पाय पसरून बसायचा. खुर्ची गेली तर गावात मला कोण विचारणार? घरात तर आधीच कोणी विचारत नाही.

तेवढ्यात पुण्याहून प्रशांत आला. माझा मुलगा. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिथं काय करतो ते त्यानं मला बऱ्याचदा समजावलं, मला कळलं नाही. मला वाटतं त्यालाही कळत नसावं.

"आप्पा, डेअरीवर जायची गरजच काय?" तो म्हणाला. "आमचे साहेब लोक घरी बसून काम करतात. फोन, फॅक्स, कॉम्प्युटर सगळं घरात. उलट जास्त काम होतं."

"घरी बसून काम तुझी आई करती," मी म्हणालो, "तिला कोन काम म्हनत न्हाई."

चांगुणा भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, पण आवाज वाढला.

पुढच्या खेपेला प्रशांत बिनवायरचा फोन घेऊन आला. फोन ठेवायची बैठक आत, कपाटावर, आणि तिच्या शेजारी एक टेपची पेटी. "हे आन्सरिंग मशिन. तुम्ही जागेवर नसलात तर हे तुमच्या आवाजात बोलतं आणि समोरच्याचं बोलणं टेप करतं. टेप भरली की जुनं पुसून नवं घेतं." आणखीही बरंच सांगत होता. मी अर्धाच कान दिला. यंत्र समजावणाऱ्या माणसापुढं मला पहिल्यापासून झोप येते.

"आता तुमचा आवाज भरा. म्हणा, नमस्कार, मी बन्सी औटी, मी सध्या घरी नाही, कृपया आपला निरोप..."

"घरी न्हाई म्हनून गावाला कशाला सांगू? चोराला आवतन?" मी त्याला बाजूला सारलं आणि माझ्या पद्धतीनं बोललो: "हां, बोल. कोन हायस ते आधी सांग. पाल्हाळ लावू नको. ऐकतोय मी."

पेटी टूं म्हणाली. प्रशांत कपाळाला हात लावून पुण्याला गेला.

जाताना त्यानं फाट्यावरून फोन लावून बघितला असणार, कारण मी बाहेर बाजेवर गप्प पडलेलो असताना आतून मीच ओरडलो. चांगुणाच्या हातातली चरवी पडली. तिनं बाहेर बघितलं, आत बघितलं. "भायेर हाय तेवढा एक पुरे," म्हणाली, आणि आत जाऊन कुठलंसं चाक पिळून पेटीचा आवाज बंद केला. (घरातली कुठली वस्तू कशी गप्प करायची हे तिला बरोबर कळतं. माझं चाक तेवढं तिला सापडलं नाही.)

दुसऱ्या दिवसापासून माझं ऑफिस विहिरीजवळ, चिंचेखाली. बाज, उशी, पाण्याचा तांब्या आणि छातीवर तो बिनवायरचा फोन. बिनवायरचा म्हणजे कुठंही चालणारा, ही माझी समजूत. (तो अंगणापुरताच चालतो, असं प्रशांतनं सांगितलं होतं म्हणे. ते दुसऱ्या अर्ध्या कानावर पडलं असणार.) दिवसभर मी फोनकडं बघत पडायचो. फोन वाजायचा नाही. मी खूश. डेअरीत बसायचो तेव्हा तक्रारींना अंत नसायचा, आणि आता बघा, एक नाही! मी तिथं नसताना माझा दरारा तिथं बसलेला आहे, असं मी चांगुणाला सांगितलं. ती म्हणाली, "बसू द्या. त्याला तरी चहा लागत न्हाई."

रात्री जेवायला आत गेलो की पेटीवर लाल आकडा दिसायचा. कधी पाच, कधी नऊ, कधी चौदा. मी म्हणायचो, व्होल्टेज दाखवतोय. आकडा मोठा दिसला की आज लाईट टिकणार म्हणून निर्धास्त झोपायचो.

मधे एकदा सोसायटीचा सेक्रेटरी गोरक्ष सह्या घ्यायला वस्तीवर आला.

"काय तक्रार?" मी विचारलं.

"न्हाई आप्पा. समदे खूश हायेत तुमच्यावर. लई बदललात तुमी. त्या रंगुबाईचंच बघा, तिनं तुमाला..."

"पाल्हाळ नको," मी म्हणालो. पगारवाढ मागायची तयारी मी लांबून ओळखतो. सह्या केल्या आणि त्याला वाटेला लावला.

सभेच्या दिवशी प्रशांत पुण्याहून आला आणि मला जीपमधून डेअरीवर घेऊन गेला. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. श्रीमंतच्या सात पिढ्या कुठून सुरू करायच्या हे वाटेत पाठ केलं होतं. पत्र्याखाली सगळं गाव जमलेलं. मी आत गेलो तर लोक उठून उभे राहिले! इतक्या वर्षांत माझ्यासाठी फक्त बसलेली म्हैस उठलेली मी पाहिली आहे, तीही काठी दाखवल्यावर. श्रीमंतनं माझ्या हाताला धरलं आणि सतरंजीवर बसवलं.

सतरंजीवर का? तर माझ्या खुर्चीत डेअरीला दूध घालणारी म्हातारी रंगुबाई बसली होती. पाय दुमडून, पदर पसरून, आरामात.

भिंतीकडं बघितलं तर माझा हार घातलेला फोटो गायब. तिथं फॅटचे आकडे लिहायचा काळा फळा. मापावर सोनईहून आणून बसवलेला माझा भाचा जालिंदर असायचा, तो मागं नळाखाली कॅन घासत होता. माझ्याकडं बघून त्यानं मान फिरवली.

गोरक्ष वाचायला लागला. "चेअरमनसाहेबांनी फोनवर मंजूर केलेली कामं. फेसाच्या नावाखाली अंदाजानं माप कापायचं न्हाई, फेस बसूस्तवर थांबायचं." टाळ्या. "जालिंदरला मापावरनं काढून कॅन धुवायला लावला." जास्त टाळ्या. "खुर्ची म्हाताऱ्या मानसांना बसायला..."

"थांब!" मी ओरडलो. "हे कुनी मंजूर केलं?"

"तुमीच की आप्पा," रंगुबाई खुर्चीतून म्हणाली. "गोरक्षनं हितनं फोन लावून दिला. म्या म्हनलं, तुमचा भाचा माझं रोज माप मारतोय. तुमी कायबी बोलला न्हाईत. मंग टूं करून ठिवला. जो गप्प तो राजी, ही रीत तुमचीच न्हवं?"

"मला कुनाचाबी फोन आला न्हाई!"

"मंग 'बोल, ऐकतोय मी' ते कोन म्हनलं?"

तेव्हा प्रशांत उभा राहिला आणि त्यानं सगळ्या गावाला आन्सरिंग मशिन समजावून सांगितलं. मजेत, हातवारे करून सांगितलं. त्याला काय काम येतं ते मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं, आता यांना लाज वाटेल. श्रीमंत म्हणाला, "म्हंजी इतके दिस आमी पेटीसंगं बोललो?"

"व्हय," मी म्हणालो.

"तरीच म्हनलं मानूस सुधरला कसा!"

मग जे हसले! जालिंदर कॅनमध्ये तोंड घालून हसला, त्याचा आवाज घुमला. एकटी राहीबाई हसली नाही. राहीबाई म्हणजे ओढ्यापलीकडची म्हातारी, एका म्हशीवर घर चालवायची. ती हळूच म्हणाली, "म्हस मेली तवा मी फोनवर रडले, आप्पा. तुमी मधी बोलला न्हाईत. मला वाटलं, कुनी हाय तिकडं."

"पेटी हुती ती," मी म्हणालो.

"असू द्या," ती म्हणाली. "तिनं ऐकलं तरी."

यावर काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी एरवी लगेच बोलतो. त्या दिवशी सतरंजीचा दोरा उपटत बसलो, आणि गावाला वाटलं मी ऐकतोय.

श्रीमंत उठला. मी म्हटलं, आला हा खुर्चीवर. तो म्हणाला, "मंडळी, माझ्या मनात पेटीलाच चेअरमन करायचं हुतं. पन तिच्याकडं म्हस न्हाई, म्हंजी ती सभासद हुत न्हाई. तवा चेअरमन आप्पाच. बिनविरोध. फकस्त अट अशी, की त्यांनी वस्तीवरनं हलायचं न्हाई आन् फोन उचलायचा न्हाई. कुनाचा विरोध?"

"माझा!" मी गुडघा विसरून उभा राहिलो.

"न्हाई. मंजूर!" श्रीमंत म्हणाला, आणि चहा आला.

अशी माझी चेअरमनकी टिकली. अभिनंदनाची माणसं वस्तीवर येत नाहीत, फोन करतात. प्रशांत म्हणतो, "बघा आप्पा, घरून काम केल्यानं कारभार किती सुधारला." जाताना त्यानं पेटीत मोठी टेप घातली. माझ्यासाठी साधी गुडघ्याची पट्टीसुद्धा आणली नव्हती.

गेल्या आठवड्यात एकदा सकाळी मी आत होतो. चांगुणा दूध घालायला गेलेली, अजून परतली नव्हती. भूक लागली होती. फोन वाजला आणि ठराव विसरून मी उचलला.

"कोन?"

"मी हाय." चांगुणाच होती.

"अगं, कुठं हायस? काय झालं? पडलीबिडलीस का?"

"काय न्हाई झालं. डेअरीतनं बोलतीया. तुमी कशाला उचलला?"

"म्हंजी? माझ्याच घरचा फोन, मी..."

"ठिवा खाली," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

मी ठेवला. लगेच परत वाजला, तो पेटीनं घेतला. तेव्हापासून रोज दूध घालून झालं की ती तिथून फोन लावते. टूं होऊन फोन तुटला की परत लावते. मी कपाटाशेजारी बसून असतो, भाकरीची वाट बघत. आजही बसलो आहे. माझं हे लिहून संपत आलं, तिचं अजून चालूच आहे.