भारतात खांबेटे फार असतात

शनिवारी सकाळी पावणेआठ वाजता पंढरीनाथ खांबेटे दिवाळी अंकांचा गठ्ठा उचलायला वाकले आणि तसेच राहिले.

जपानमधल्या कावासाकीतल्या त्यांच्या इमारतीत जुने कागद शनिवारी आठच्या आत, सुतळीने बांधून खाली ठेवावे लागत. त्यांची बायको सुप्रभा बहिणीच्या आजारपणासाठी पाच महिन्यांपूर्वी पुण्याला गेली होती आणि तिथून रोज एकच विचारायची, "ते अंक गेले का?" अंक अठ्ठावीस वर्षांचे साठले होते. पंढरीनाथांनी त्यातलं एक वर्ष निवडलं, बांधलं, सोडून पुन्हा चाळलं, पुन्हा बांधलं आणि शेवटी दार उघडून, मन घट्ट करून उचललं. मन घट्ट होतं, कंबर नव्हती. आत कुठेतरी खट्कन वाजलं आणि ते उंबऱ्यापाशी हातापायांवर अडकले. लहान मुलाला पाठीवर घ्यायला घोडा व्हावं तसे. वर होता येईना, खाली बसता येईना.

मोबाइल नाकासमोर जमिनीवर पडला होता आणि त्यात पुण्याच्या पहाटे सव्वाचारला उठून बसलेली सुप्रभा होती.

"अहो, तुमच्या नाकाखेरीज मला काही दिसत नाहीये. उचलला का गठ्ठा?"

"उचलतोय."

"किती वेळ?"

"अजून थोडा लागेल असं दिसतंय."

सुप्रभाने तेहतीस वर्षं संसार केला होता. "कंबर धरली ना? ओजसला फोन करा."

"त्याची ड्यूटी असते गं."

"मग ११९ लावा. तो नाहीतरी अँब्युलन्सवरच असतो, तोच येईल."

"म्हणून तर लावत नाही!"

ओजस त्यांचा एकुलता एक मुलगा. २०११ च्या मोठ्या भूकंपात तो बारा वर्षांचा होता. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर थंडीत बसून त्याने अग्निशमन दलाची माणसं म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन जाताना पाहिली आणि घरी येऊन सांगून टाकलं, मी हेच करणार. जपानात अँब्युलन्स अग्निशमन दलाचीच असते. त्याने रीतसर नागरिकत्व घेतलं, परीक्षा दिल्या आणि आता तो दोन स्टेशनं पलीकडे एका खोलीत राहून याच भागातल्या केंद्रावर काम करत होता. घरी क्वचित यायचा. आला की जपानीत बोलायचा. लोक टॅक्सी समजून अँब्युलन्स बोलावतात, असं जेवता जेवता चिडून सांगायचा, तेही जपानीत.

हा दोष आपला आहे, याबद्दल पंढरीनाथांच्या मनात शंका नव्हती. बाकी सगळ्याबद्दल असायची. ओजस लहानपणी भरभरून मराठी बोलायचा आणि भरभरून चुकायचा. "बाबा, पाणी आली!" म्हणत धावत आला की पंढरीनाथ म्हणायचे, "आलं. पाणी आलं. म्हण बघू दोनदा." तो दोनदा म्हणायचा, आणि तोवर पाण्याचं काय झालं ते सांगायचं राहून जायचं. पुढे शाळेत त्याला अशी एक भाषा सापडली, जिच्यात पंखा पुरुष नसतो आणि खुर्ची बाई नसते. तो तिकडेच राहायला गेला. गेली कित्येक वर्षं पंढरीनाथांना एकच हवं होतं. त्याने आपल्याशी चार वाक्यं मराठीत बोलावीत. चुकलेली चालतील. पण हे त्याला सांगायचं कसं, तेवढं त्यांना कुठल्याच भाषेत जमलं नव्हतं.

"लावताय की मी इथून शेजारच्या तानाका बाईंना उठवू?" सुप्रभाने विचारलं.

शेजारच्या तानाका बाईंसमोर घोडा होण्यापेक्षा ११९ बरं. त्यांनी सुप्रभाला बंद करून नाकाच्या शेंड्याने आकडे दाबले.

"आग की अँब्युलन्स?" पलीकडच्या मुलीने जपानीत विचारलं.

"क्षमा असावी. आग निश्चितच नाही."

"उठता येतंय का?"

"तसा मी अर्धा उठलेलाच आहे. पुढच्या अर्ध्याबाबत साशंक आहे."

पंढरीनाथ जपानी शिकले होते शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या वाचून, कारण ते नोकरीला होते त्या प्रयोगशाळेत सगळे इंग्रजीत बोलत. त्यामुळे मुलीने त्यांचं वय नव्वद धरलं. "घाबरू नका हं, आजोबा," ती म्हणाली, "पाठवते."

नऊ मिनिटांनी उघड्या दारातून माणसं आली. ती पंढरीनाथांना दिसली ती घोट्यापर्यंत. बूट काढून आत आलेले मोज्यांचे तीन जोड. तिसऱ्या जोडातलं उजवं पाऊल किंचित आत वळलेलं होतं. त्या पावलाच्या बुटाची नाडी त्यांनी सहा वर्षं बांधली होती.

त्यांनी ठरवलं की ओळख दाखवायची नाही. पोराला त्याच्या साहेबांसमोर लाज आणायची नाही.

"खांबेटे-सान, अग्निशमन दलाकडून आलो आहोत. ऐकू येतंय का?" तिसरे मोजे जपानीत म्हणाले. आवाज अगदी सरकारी होता.

"येतंय," पंढरीनाथ जमिनीला म्हणाले.

पथकप्रमुख मोरिता एप्रिलमध्येच या केंद्रावर बदलून आले होते. त्यांनी विम्याचं कार्ड वाचलं. "कांबेते. अरे, हे तर तुझंच आडनाव!"

"हो," ओजस म्हणाला. "भारतात खांबेटे फार असतात. इथे सुझुकी असतात तसे."

अडुसष्ट वर्षांत पंढरीनाथांना एकूण अकरा खांबेटे भेटले होते. अकराही त्यांच्या लग्नात. कमरेचं दुखणं एकदम लहान झालं आणि दुसरंच काहीतरी दुखू लागलं. आपणही ओळख दाखवली नाहीच की, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"सावकाश सरळ करू या," मोरिता म्हणाले. "एक, दोन..."

"आई गं!"

"थांबा!" मोरितांनी हात वर केला. "पेशंट काहीतरी सांगतायत."

जपानीत 'आई' म्हणजे प्रेम, आणि त्यापुढे 'गा' आला की वाक्य नुसतं सुरू झालेलं असतं. 'प्रेम हे...' काय करतं, ते शेवटी कळतं. मोरिता गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कान पंढरीनाथांच्या तोंडाशी नेला. "बोला. प्रेम...? पुढे?"

"पुढे काही नाही," ओजस घाईने म्हणाला. "आईला हाक मारतायत. भारतात दुखलं की मारतात."

"अरेरे. आई हयात आहेत का?"

"नाही, आजी गेली."

"कुणाची आजी?"

"म्हणजे... या वयाच्या माणसाची आई आजीच असणार ना."

मोरितांना हे पटलं. ते फॉर्मकडे वळले. "एकटेच राहता? मुलंबाळं?"

"एक मुलगा आहे."

"कुठे असतो?"

पंढरीनाथांनी मोज्यांकडे पाहिलं. "जवळच."

"येतो का भेटायला?"

"त्याचं काम फार कष्टाचं आहे हो."

"शेवटचा कधी आला होता?"

"नववर्षाला." जून चालू होता.

मोरितांनी सुस्कारा सोडला. "हल्लीची मुलं! कांबेते, लिहून घे. कांबेते-सानांचा मुलगा जवळच राहतो, पण येत नाही."

पेनाचा आवाज येईना.

"लिहिलंस?"

"लिहिलं," ओजस म्हणाला.

"त्याला फोन लावू या. कुणी तरी कान उपटायला हवेत त्याचे."

"नको, नको!" पंढरीनाथ आणि ओजस एकदमच म्हणाले. मोरिता चकित होऊन एकाकडून दुसऱ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात जमिनीवरचा मोबाइल वाजला. पंढरीनाथांचा हात मोकळा नव्हता म्हणून मोरितांनी तो उचलून समोर धरला.

"कोण तुम्ही? हे कुठे आहेत?" सुप्रभा मराठीत कडाडली. मग तिला मोरितांच्या खांद्यामागे काहीतरी दिसलं. "ओजस! अगं बाई, ओजस! बाबांना नीट धर रे! आणि मास्क खाली कर, बघू दे तोंड, किती वाळलायस! ओजस!"

मोरितांना मराठी येत नव्हती. पण त्यांना मोजता येत होतं. त्यांनी मोबाइलला लवून नमस्कार केला आणि सावकाश मागे वळले.

"भारतात ओजसही फार असतात का?"

ओजसने मास्क आणखी वर ओढला.

"माझा नियम काय आहे?"

"घरचं माणूस असेल तर त्याला आपण हात लावायचा नाही. आपण गाडी चालवायची, मागे दुसऱ्याने बसायचं."

"का?"

"हात थरथरतात."

"मग आल्याआल्या सांगितलं का नाहीस?"

आत वळलेलं उजवं पाऊल आणखी आत वळलं. "सांगितलं असतं तर गाडी चालवावी लागली असती," ओजस म्हणाला. "मला मागे बसायचं होतं."

पंढरीनाथ जमिनीकडे बघत राहिले. फरशीची रेघ त्यांना एकाएकी नीट दिसेना.

"नियम तो नियम," मोरिता म्हणाले, पण जरा हळू. "गाडी चालवणारा उएनो मागे बसेल. किल्ली घे त्याच्याकडून." मग ते पुन्हा वाकले. "कांबेते-सान, दुखणं नक्की कुठून सुरू होतंय?"

पंढरीनाथांनी आयुष्यात कधी परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलं नव्हतं. रांग मोडली नव्हती. त्यांनी मान वळेल तेवढी वळवली आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "काही समजलं नाही बुवा."

"काय?"

"मला जपानी येत नाही."

मोरितांनी ओजसकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"म्हणतायत..." ओजस फॉर्मकडे बघत म्हणाला, "त्यांना जपानी येत नाही."

"आत्तापर्यंत तर माझ्या आजोबांसारखं बोलत होते!"

"विसरलो," पंढरीनाथ मराठीत म्हणाले.

"विसरले म्हणतायत."

मोरितांनी कार्डाकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, मोबाइलमधून अजून काहीतरी सांगत असलेल्या सुप्रभाकडे पाहिलं. मग घसा खाकरला. "भाषा येत नसलेल्या पेशंटजवळ दुभाष्या बसलाच पाहिजे. उएनो! गाडी तूच चालव."

सरळ होणं काही पंढरीनाथांना जमलं नाही. त्यांना तसेच मुडपलेले, कुशीवर, स्ट्रेचरवर घेतलं. दारं लागली, गाडी निघाली. त्यांच्या तोंडासमोर आता मोज्यांऐवजी ओजसचा चेहरा होता, मास्कच्या वर दोन डोळे. त्याच्या हातात फॉर्म होता आणि मोरिता पलीकडे पेन उघडून उत्तराची वाट बघत होते.

"बाबा," ओजस म्हणाला आणि थांबला. शब्द कुठल्यातरी जुन्या कपाटातून काढावेत तसा तो शोधत होता. कान लाल झाले होते. "बाबा, तुमचा... तुमचा कंबर..."

सवयीने पंढरीनाथांचे ओठ हलले. त्यांनी ते दातांखाली धरले.

"तुमचा कंबर फार दुखतो का?"

"हो रे," पंढरीनाथ म्हणाले. "माझा कंबर फार दुखतो."