वजिराचं सुतक

माझा वजीर वारला आणि आमच्या घराला दहा दिवसांचं सुतक लागलं, याला जबाबदार एकच माणूस आहे: दिनूकाका. वजीर ज्याने मारला तो परभणीचा मुलगा निर्दोष आहे. त्याच्या राजासमोर मी वजीर ठेवला, त्याने तो घेतला. घ्यावाच लागत होता.

दिनूकाका म्हणजे माझे थोरले चुलते, दिनानाथ कुळथे. एकतीस वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्याच कचेरीसमोर दस्त लिहून द्यायची टपरी टाकली, कारण कचेरीशिवाय त्यांना जेवण जात नाही. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेव्हापासून त्यांच्या तोंडी माझ्याबद्दल एकच वाक्य आहे. "या पोराला कशाचं सोयरसुतक नाही." सणाला हेच, पंगतीत हेच, नळाला पाणी आलं तरी हेच.

राज्याच्या कुमार संघाची निवड स्पर्धा ऑनलाइन होती. सहा फेऱ्या, एकाआड एक रविवारी सकाळी. माझं वय बघता ही शेवटची संधी. निवड झाली तर मी बुद्धिबळच खेळायचं आणि कुणी काही बोलायचं नाही. नाही झाली तर दुसऱ्या दिवसापासून काकांच्या टपरीत बसायचं. असं काकांनी स्टँपपेपरवर लिहून घेतलं होतं. खाली माझी सही, साक्षीदार म्हणून बाबांची. बाबांनी आयुष्यभर काकांच्या कागदांवर साक्षीदार म्हणूनच सह्या केल्या आहेत.

चार फेऱ्या मी जिंकलो. तोवर घरात कुणी पडद्याकडे बघितलं नाही. पाचव्या फेरीला काका खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. म्हणाले, मार्गदर्शन करतो. त्यांना उंट तिरका चालतो एवढं माहीत आहे.

बाविसाव्या चालीला मी वजीर दिला. आता हत्ती कडेच्या पट्टीत आणला की मात. एक चाल. तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं.

"थांब. गेला का तो?"

"कोण?"

"वजीर."

"गेला म्हणजे मी दिला. आता बघा, हत्ती इकडे आला की..."

"माउसला हात लावू नकोस. सुतक लागलं."

माझ्या घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद होती. ती मी भांडण्यात घालवली. बाबांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "दादा म्हणतोय तर विचार करूनच म्हणत असेल." आईने शेवयांची खीर उतरवली, म्हणाली, "आता गोड नको." घड्याळ संपलं. वेळ संपल्यामुळे मी हरलो असं पडद्यावर आलं. खाली परभणीच्या मुलाने लिहिलं, 'वेल प्लेड.'

काकांनी ते मोठ्याने वाचलं. "बघ. मारणाऱ्याकडून सांत्वन आलं. आणि तुझे डोळे कोरडे."

कोरडे नव्हते. पण ते वजिरासाठी नव्हतं.

काका मूर्ख आहेत असं मला म्हणायचं नाही. मूर्ख असते तर सोपं गेलं असतं. त्यांचं सगळं नियमात बसतं. लाकडी पटावरची सोंगटी मरत नाही, नुसती बाजूला बसते आणि पुढच्या डावात तीच उभी राहते. तिचं सुतक नाही. ऑनलाइन सोंगटी पडद्यावरून नाहीशी होते, देहसुद्धा मिळत नाही, म्हणून सुतक. हत्ती, घोडा, उंट ही जनावरं, त्यांचं काही नाही. राजा मरत नाही, फक्त अडकतो. प्यादी माणसं खरी, पण लांबची. एक प्यादं गेलं की एक आंघोळ. आणि वजीर घरचा. "तीन वर्षं तुझ्याबरोबर जेवलाय तो," काका म्हणाले. हेही खरंच होतं. मी जेवताना खेळायचो.

"याआधी माझे शेकडो वजीर मेलेत," मी म्हणालो. "तेव्हा कुठे होतात?"

"तेव्हा कळवलं नाहीस. उशिरा कळलं तर नुसतं स्नान." त्यांनी मला न्हाणीघरात पाठवलं. शेकडो वजिरांचं मिळून एक स्नान झालं. पाणी गारच होतं, कारण सुतकात माझ्यासाठी गीझर कोण लावणार.

सोमवारी मी आणि काका नगरपरिषदेत मृत्यूची नोंद करायला गेलो. खिडकीत शेटेबाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा वर केला. मला वाटलं, निदान एक शहाणं माणूस भेटलं.

"देह कुठाय?" शेटेबाई म्हणाल्या. "देह नसेल तर बेपत्ता धरतात. सात वर्षं थांबा."

काकांनी पडद्याचं चित्र छापून आणलं होतं. चौकटीत परभणीचा राजा उभा, वजीर नाही.

"बरं. कारण काय लिहू? आजार, अपघात, की घातपात?"

"बलिदान," मी म्हणालो.

"तो रकाना नाही." त्यांनी 'अपघात' लिहिलं. "आणि यांच्या जागी?"

"नवा लागलाय," काका म्हणाले. "अनुकंपा तत्त्वावर."

शेटेबाईंनी मान डोलावली आणि शिक्का मारला.

मग घरी माणसं यायला लागली. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली. काकांच्या कचेरीतले जुने सहकारी आले, चपला काढून भिंतीला टेकून बसले, 'गेला तो सुटला' म्हणाले. मला कुणी विचारलं नाही की तुझा डाव कसा होता. विचारलं ते एवढंच, "शेवटी बोलला का काही?"

तिसऱ्या दिवशी खेळाच्या संकेतस्थळाकडून माझा अहवाल आला. स्पर्धेच्या प्रत्येक फेरीनंतर येतो. मी कसा खेळतो, कुठे चांगला, कुठे कच्चा, आणि सुधारायला काय करायचं. काकांनी तो टपरीत छापला आणि बैठकीत वाचायला घेतला.

"बलस्थानं. वजिराचं बलिदान देऊन हल्ला करणे. धाडस." ते थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "कमजोरी. शेवटचे डाव, जिथे मोजक्याच सोंगट्या उरतात. तिथे संयम कमी. सुधारणेचा आराखडा. शेवटच्या डावांची रोज पंचवीस कोडी सोडवणे. हल्ल्याची शैली बदलू नये."

"मथळे उलटे पडलेत," काका म्हणाले. खिशातून पेन काढलं, 'बलस्थानं' खोडून तिथे 'कमजोरी' लिहिलं, खालचं वर केलं, शेवटच्या वाक्यातलं 'बदलू नये' खोडून 'बदलावी' केलं आणि समासात 'शुद्धिपत्रक' लिहून सही केली. बाबांनी साक्षीदार म्हणून.

"अहो, संयम कमी हे बलस्थान कसं होईल?" मी ओरडलो.

"आवाज खाली. घरात सुतक आहे."

मी कॉलेज सोडलं कारण तिथले सर फळ्यावर चुकीचं गणित लिहायचे आणि दाखवलं की म्हणायचे, तू आधी खाली बस. घरी येऊन बघतो तर तेच. वय झालं की माणसाच्या हातात पेन देतात आणि बाकीच्यांनी त्या पेनाप्रमाणे जगायचं. पण तरी मी रीतसर मार्ग शोधला. ऑनलाइन खेळात आगाऊ चाल देता येते. समोरच्याची चाल यायच्या आत आपली पुढची चाल ठरवून ठेवायची, ती आपोआप पडते. म्हणजे वजीर जायच्या आधीच मात करायची चाल दिलेली असेल. सुतक लागायच्या आधीची चाल. काकांच्याच नियमात बसणारी.

काकांनी नीट ऐकून घेतलं. दोन मिनिटं विचार केला. मला वाटलं, पटलं.

"म्हणजे तो मरणार हे तुला आधीच माहीत होतं," ते म्हणाले. "आणि त्याच्या माघारी काय करायचं तेही ठरलं होतं. मग हा अपघात नाही. शेटेबाईंकडे जाऊन कारण बदलावं लागेल."

आई म्हणाली, "नको रे बाबा. पोलीस कशाला घरात." विषय तिथे संपला.

दहाव्या दिवशी नदीवर गेलो. वासुअण्णा गुरुजींनी पिंड ठेवला. वजीर काय खायचा हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून आईने माझ्या आवडीचं केलं होतं. सगळे मागे सरकले. कावळा समोरच्या बाभळीवर बसला होता. तो जागचा हलला नाही.

"काहीतरी अडकलंय त्याचं," गुरुजी म्हणाले. "इच्छा राहिली असेल. शब्द द्या."

बाबा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "मुलाला परत कॉलेजात घालीन." कावळ्याने पंख खाजवला.

काका म्हणाले, "टपरीत बसवीन. माझ्यामागे टपरी त्याच्या नावावर करीन." कावळ्याने तोंड फिरवलं. वजिराबद्दल मला त्या क्षणी फार आपुलकी वाटली.

त्याची इच्छा काय राहिली होती हे तिथे एकट्या मला माहीत होतं. मी पुढे झालो. "ज्यासाठी गेलास," मी म्हणालो, "ती मात देईन."

कावळा बाभळीवरून खाली उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर आला. सगळ्यांनी बघितलं. गुरुजींनी बघितलं. अजून दोन उड्या राहिल्या होत्या.

"तू मागे हो, मोठी माणसं बोलताहेत," काका म्हणाले, आणि मला खांद्याने बाजूला करून मोठ्याने म्हणाले, "हा पोरगा यापुढे कधीही वजीर बळी देणार नाही. हा शब्द!"

कावळ्याने पिंडाला चोच लावली.

"शिवला," बाबा म्हणाले आणि रडले. सगळ्यांनी काकांच्या पाया पडून घेतलं. मी ओरडून सांगत होतो की तो माझ्या शब्दावर खाली आला होता, नुसता पोचायला वेळ लागला. गुरुजी म्हणाले, "शास्त्रात शेवटचा शब्द धरतात." शब्द काकांनी दिला. पाळायचा मी.

सहावी फेरी त्यानंतरच्या रविवारी होती. समोर साताऱ्याची एक मुलगी, माझ्याइतकेच गुण. जिंकेल तो संघात. मी खुर्चीशेजारी बादली आणि तांब्या ठेवला, कारण प्याद्यांची आंघोळ सुटलेली नव्हती. दहा मिनिटांच्या डावात माझी पाच प्यादी गेली. पाच वेळा मी डोक्यावर तांब्या ओतला. एका आंघोळीला वीस सेकंद, टॉवेलला वेळ नाही. कळफलकावर आईने प्लॅस्टिक घातलं होतं.

आणि एकतिसाव्या चालीला तेच चित्र पुन्हा उभं राहिलं. माझा घोडा जागेवर, तिचा राजा कोपऱ्यात, त्याच्यासमोर एकच प्यादं. वजिराने ते प्यादं मारायचं. राजाला वजीर घ्यावाच लागणार. हत्ती कडेच्या पट्टीत. मात. अनुकंपा तत्त्वावर लागलेला वजीर त्याच्या पहिल्याच नोकरीत तयार उभा होता. मी त्याच्यावर माउस नेला.

मागे घरातले सगळे बसले होते. काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी चाल केली असती, एवढं मला स्वतःबद्दल माहीत आहे. बोलली आई.

"दहाव्याचा शब्द आहे रे," ती म्हणाली. "त्याला परत अडकवू नको."

माझ्या केसांतून पाणी गळत होतं. घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद होते. मी वजीर मागे घेतला.

मुलीने तिचा राजा कोपऱ्यातून बाहेर काढला. मग एकेक सोंगटी कमी होत गेली. शेवटी माझा वजीर, तिचा वजीर आणि तिची दोन प्यादी. शेवटचा डाव. जिथे मी कच्चा आहे. तिचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि तिला दुसरा वजीर झाला.

"म्हणजे त्यांच्याकडे जन्माचं सोयर," आई हळूच म्हणाली.

"ते त्यांचं ते बघतील," काका म्हणाले.

साताऱ्याला सोयर कुणी पाळलं नाही. तिने पुढची चाल लगेच केली, आणि त्याच्या पुढची. मला मात झाली तेव्हा माझा वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला धडधाकट उभा होता. "वाचला!" काका म्हणाले, आणि बाबांना पेढे आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. त्यात बलस्थानांच्या रकान्यात काही नव्हतं. काकांनी तो वाचून फाइलला लावला आणि मला म्हणाले, "आता सुधारलास."

याला आठ महिने झाले. मी टपरीत बसतो, खरेदीखतं लिहितो, दुपारी काकांचा डबा आणतो. कुमार संघातली माझी जागा साताऱ्याच्या मुलीला मिळाली, आणि वयामुळे ती मला आता पुन्हा मिळणार नाही. वजीर जिवंत आहे.