जांभळ्या दगडाचं पथ्य

मुलाच्या लग्नाला जेमतेम दीड महिना झाला होता, आणि सुनेशी होणारं पहिलं भांडण आपल्यामुळे व्हायचं नाही, असं मार्थाने मनाशी पक्कं ठरवलं होतं. सोपं काम नव्हतं. तिचा आवाज चढला की शेजारच्या केळीच्या वाडीतली माणसं पंप बंद करून ऐकत उभी राहत.

त्यात सुनेने, प्रिस्काने, ऑनलाइन एक जांभळा दगड मागवला. लिंबाएवढा, चमचमता. तो तिने हॉलमध्ये मार्थाच्या खुर्चीशेजारच्या फळीवर ठेवला.

"लेपिडोलाइट म्हणतात याला, मम्मी. मन शांत राहतं म्हणे, झोप पण छान लागते. फक्त फार मऊ असतो हां. पाणी नाही, मीठ नाही, ऊन नाही. कोरड्या कपड्याने हलकेच पुसायचा, बस."

"बाळंतिणीलाही एवढं पथ्य नसतं गं," मार्था म्हणाली.

थट्टा केली खरी, पण दगडाकडे शांती मागायची हे तिला पटेना. फादरांना कळलं तर? आणि नको म्हणावं तर सून दुखावणार. बराच विचार करून तिने मधला मार्ग काढला. नवी रिक्षा, नवं घर, नवी बोअरवेल, सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. मग या दगडाने काय घोडं मारलंय? प्रिस्का माणिकपूरच्या शाळेत शिकवायला गेली, तशी मार्थाने ईस्टरला चर्चमधून भरून आणलेली बाटली काढली. पण नुसतं शिंपडून थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने दगड वाटीत ठेवला आणि त्यावर बाटली उपडी केली. एकदाचा पुरता पवित्र होऊ दे.

स्वयंपाक उरकून येऊन बघते तर पाण्यावर जांभळी चमकी तरंगत होती. मळच असणार, असं समजून तिने जुना टूथब्रश घेतला. घासत गेली तसतसे कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेले. मळ काही संपेना, दगड मात्र संपत आला. तेव्हा कुठे तिला सुनेचं बोलणं आठवलं.

वाळला की पुन्हा घट्ट होईल, या आशेने तिने तो गच्चीवर नेला. तिथे मीठ लावलेले बांगडे वाळत होते. त्यांच्या शेजारीच जागा मिळाली. दुपारी खाली आणला तेव्हा दगड सुपारीएवढा उरला होता, रंगाने फिकट आणि वासाने थेट बांगडा.

तिच्या नवऱ्याने, गॉडफ्रेने, तो नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "पाणी झालं, ऊन झालं, मीठही लागलं. तिने नको म्हटलेलं काहीच राहिलं नाही की गं."

"चेष्टा नको. पोरीच्या वस्तूला हात लावायची मला काय गरज होती?" मार्थाचे डोळे भरून आले. तिला खरोखरच वाईट वाटत होतं.

प्रिस्का घरी आली तर दारातच तिच्या खांद्यावरची पर्स उतरवून घेतली गेली. पाठोपाठ चहा आला, गरम भजी आली. "आज तू कशाला हात लावू नकोस," असं मार्था इतक्या मऊ आवाजात म्हणाली की प्रिस्काने घाबरून विचारलं, "मम्मी, बरं नाही का तुम्हाला?"

मग मात्र मार्थाला राहवेना. तिने बशीतला दगड पुढे केला आणि पवित्र पाण्यापासून बांगड्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

प्रिस्काचा चेहरा पडायच्या ऐवजी खुलला. "मग काय झालं, मम्मी? माझी मैत्रीण टिफनी सांगते ना, घरातला सगळा राग ओढून घेतला की हा दगड असाच झिजतो. म्हणजे काम झालं त्याचं."

"घरातला राग?" मार्थाने विचारलं. "कुणाचा?"

प्रिस्काने घाईघाईने बशी आपल्या हातात घेतली. गॉडफ्रेने पेपर तोंडापुढे धरला. मार्थाची नजर रिकाम्या फळीवर गेली, फळीवरून आपल्या खुर्चीवर आली. घरात एवढी जागा असताना दगड नेमका आपल्याच कानाशी का ठेवला होता, ते तिच्या आत्ता लक्षात आलं.

तिचं डोकं तापलं, तोंडही उघडलं. समोर प्रिस्का दोन्ही हातांनी बशी घट्ट धरून, श्वास रोखून उभी होती. दीड महिना ही पोरगीसुद्धा त्याच भांडणाला घाबरून होती तर. मार्थाला तिची माया आली, आणि मग हसूच फुटलं.

"दुसरा मागव," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "आणि या खेपेला जरा मोठा बघ."