अहो, मी बाहेर आहे

ब्रॉडबँडवाल्याला बोलवायचं नाही असं हेडक्लार्कांनी ठरवलं, तिथेच माशी शिंकली.

त्यांची लेक परगावच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली आणि घर अगदी मुकं झालं. ती होती तेव्हा बापलेक रोज टीव्हीवर मोटारींच्या शर्यती खेळायचे. आता तो व्हिडिओ गेम फडक्याखाली धूळ खात पडलेला. शेवटी लेकीनेच फोनवर तोडगा काढला, "बाबा, त्याला नेट जोडा. रविवारी दुपारी मला सुट्टी आहे. मी इथून खेळेन, तुम्ही तिथून. पण जोडायला माणूस बोलवा हं."

"माणूस कशाला? मी काय माकड आहे?" हेडक्लार्क म्हणाले. (ऑफिसात पंख्याचं बटण दाबायलाही त्यांना शिपाई लागतो, हे लेकीला ठाऊक नव्हतं. बायकोला होतं.) त्या रविवारची मात्र ते इतकी वाट बघत होते, की ऑफिसच्या कागदांवर तारीखही रविवारचीच टाकून बसले.

रविवारी आभाळ असं दाटून आलं की भरदुपारी घरात अंधार. बायको शिवणक्लासला शिकवायला गेली आणि हेडक्लार्क टीव्हीमागे शिरले. मोबाइलचा टॉर्च धरून तारा खुपसता खुपसता मोबाइल कपाटामागे पडला, तो पडलाच. टीव्हीचा आवाज बारीक येतो म्हणून त्यांनी जुने स्पीकर थेट गेमच्या यंत्राला जोडले. (त्यातला एक कधीच मेला होता आणि दुसरा पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर कुंडीमागे होता, हे ते साफ विसरले.) चष्मा सापडेना, तेव्हा पडद्यावर जे जे विचारलं त्याला "हो" म्हणत सुटले. मराठीत बोलू? हो. सगळं मोठ्याने वाचून दाखवू? हो.

मग टपोऱ्या अक्षरांत प्रश्न आला, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

इथे गाडी अडली. ऑफिसात 'साहेब' म्हणतात, पण ते खुर्चीला. घरात लग्नापासून एकच नाव. त्यांनी एकेक अक्षर हुडकून टाइप केलं, 'अहो'.

आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"झालं! वाट लावली!" हेडक्लार्कांनी टीव्ही बंद केला आणि खुर्चीत अंग टाकलं. लेक तिकडे ताटकळत असेल, आणि आपण तिचा एकुलता एक सुट्टीचा दिवस घालवला, असं ते स्वतःलाच बोल लावत राहिले. घरात चिडीचूप. वारा नसताना खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला. कपाटामागची भिंत गुरगुरली, थांबली, पुन्हा गुरगुरली.

मग पॅसेजमधून एक बाई हळूच म्हणाली, "अहो."

"आलो!" हेडक्लार्क सवयीने उठले आणि स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा. नळ ठिबकत होता. ओट्यापाशी कोणी नव्हतं. तेव्हा कुठे त्यांना आठवलं, की बायको घरात नाहीच.

"अहो." आवाज थंड, सपाट. ना राग, ना लोभ. (बायकोचा नाही, हे त्यांनी त्यावरूनच ओळखलं.) "मी बाहेर आहे."

त्यांनी दार उघडलं. जिना रिकामा. खालपर्यंत अंधार.

"को... कोण आहे?"

"मी बाहेर आहे," आवाज त्यांच्या पाठीमागून, अगदी मानेजवळून आला. "आत घ्यायचं?"

"आज सुट्टी आहे!" हेडक्लार्क किंचाळले. "सोमवारी या!"

"मी वाट बघत आहे."

हेडक्लार्क अनवाणीच जिन्यावर पळाले आणि पायरीवर मटकन बसले. आत भूत, आणि लेकीशी खेळायचं यंत्रही आतच. त्यांना रडू कोसळायचंच काय ते बाकी होतं. तेवढ्यात बायको जिना चढून आली.

"अहो, इथे काय..."

हेडक्लार्कांनी कानांत बोटं घातली. "मी 'ओ' देणार नाही!"

"अहो, मी आहे!"

"तीही हेच म्हणते!"

"ती?" बायकोचा आवाज एकदम बदलला. "ती कोण?"

"ती आत आहे. म्हणजे बाहेर आहे. आत घ्या म्हणते."

बायकोने हातातली पिशवी नवऱ्याच्या मांडीवर आदळली आणि तरातरा घरात शिरली. तिचं स्वागत कुंडीमागून झालं, "अहो, मी निघून जात आहे."

"थांब! अशी कशी निघून जातेस? माझ्या नवऱ्याला 'अहो' म्हणणारी तू कोण गं?" तिने कुंडी बाजूला ओढली. मागे स्पीकर. स्पीकरची तार पकडून ती टीव्हीखालच्या यंत्रापर्यंत गेली आणि टीव्ही लावला. पडद्यावर टपोरी अक्षरं होती, "अहो, 'मी' निघून जात आहे. आत घ्यायचं?"

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, बेल वाजली की तुम्ही 'कोण?' विचारायचात. आपली पोरगी काय म्हणायची?"

"'मी'," हेडक्लार्क दारातूनच पुटपुटले. "मग मी विचारायचो, 'मी कोण?' आणि ती म्हणायची, 'मी म्हणजे मी!'"

"तेच नाव घेतलंय तिने खेळात. घ्या आत, नाहीतर जाईल परत!"

हेडक्लार्कांनी बटणावर झडपच घातली.

"बाबा!" पॅसेजमधून लेक ओरडली. "कधीची दारात उभी आहे! फोन करून करून बोटं झिजली माझी!" (कपाटामागची गुरगुर त्या पडलेल्या मोबाइलची होती.)

"ये बाळा, ये, आत ये," हेडक्लार्क म्हणाले.

शर्यत सुरू झाली. डोळे पुसावेत की मोटार चालवावी हे न कळून त्यांनी पहिल्याच वळणावर मोटार खड्ड्यात घातली.

"अहो, तुम्ही हरलात," यंत्र म्हणालं.

दुसऱ्या शर्यतीत मात्र ते सुसाट सुटले. लेक मागे पडली. आता जिंकणार, एवढ्यात पुन्हा, "अहो!"

"गप्प बस गं बये!" हेडक्लार्क पडद्याकडे बघून गरजले. "सोमवारी ये!"

यंत्र गप्पच होतं. हाक स्वयंपाकघरातून आली होती. तिथली भांड्यांची आदळआपट एकदम थांबली आणि सगळं घर पुन्हा चिडीचूप झालं.

"बाबा," कुंडीजवळून लेक हळूच म्हणाली, "आता मात्र तुम्ही खरंच हरलात."