वेशीवर बसलेली अंगाई

हौसाआत्या शेलारांची अंगाई बुधवारी सकाळी घर सोडून वेशीवरच्या सावरीखाली जाऊन बसली. पहिल्यांदा पाहिलं ते मालनकाकूंनी. पुनर्वसन वसाहतीत जे काही होतं, ते पहिल्यांदा मालनकाकूच पाहतात.

काकूंचं घर आत्यांच्या भिंतीला भिंत लागून. चाळीस वर्षं ऐकलेली अंगाई, ओळखायला वेळ कशाला लागतोय? "काय गं, इथं कुठं?" काकूंनी विचारलंही. अंगाई पदर सारखा करून बसून राहिली.

तिकडे घरात आत्या अंगाई म्हणायला तोंड उघडत होत्या आणि नुसती हवा बाहेर येत होती. नातसून पौर्णिमाच्या तान्हीचा शुक्रवारपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

"पोर रडतंय ते आहेच," आत्या म्हणाल्या, "पण मालन, आपलं बोरघळ आता त्या अंगाईतच उरलंय गं. नदीचा घाट, चिंच, म्हसोबाच्या पायऱ्या. बाकी सगळं धरणाच्या पाण्याखाली. ती गेली तर गाव दुसऱ्यांदा बुडंल."

काकू सातवी पास. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि ग्रामपंचायतीत नेला. ग्रामसेवकाने वसाहत आली तेव्हाची जुनी नोंदवही काढली. घरं बेचाळीस, गुरं एकशे दहा, उखळं एकोणीस. गाणी, रकाना कोरा.

"म्हणजे परवानगीशिवाय राहत होती," तो म्हणाला.

"चोरून थोडीच राहत होती? अख्ख्या आळीला ऐकू यायची."

"ऐकू येणं वेगळं, राहणं वेगळं, काकू. इथल्या जुन्या गाण्यांची ना-हरकत आणा."

इथली जुनी गाणी म्हणजे वारली पाड्यावरची. ती सांभाळायचा लखमा वरठा, तारपा वाजवणारा म्हातारा. काकू शिक्का मारलेला अर्ज घेऊन टेकडी चढल्या. लखमा अंगणात सूप विणत होता. तारपा भिंतीला टांगलेला.

"बस बाय. तीन दिवस झाले, आमची गाणी पण बेचैन आहेत. पाहुणी वेशीवर बसलेली आणि तुमच्यातल्या कुणी पाणी विचारलं नाही."

काकू ओशाळल्या. तीन दिवसांत त्यांनी अंगाईला सतरा प्रश्न विचारले होते, पाणी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी अर्ज पुढे केला.

"हा वाचायचा कुणी? माझी गाणी शाळेत गेलेली नाहीत."

"मग जरा तारपा वाजवून विचारा की त्यांना."

"नवा भात आल्याशिवाय तो भिंतीवरून उतरत नाही. आणि गाणी काय घरात आहेत? एक ओहोळावर, एक पळसाखाली, एक त्या काळ्या दगडापाशी. ज्याचं जे, त्यानं तिथं जायचं. तुमची कुठं असतात?"

"आमची ट्रंकेत बसून आली," काकू अभिमानाने म्हणाल्या. "कुठंही म्हणतो. भांडी घासताना, गिरणीच्या रांगेत, एसटीत."

लखमाने सूप खाली ठेवलं. "म्हणजे चाळीस वर्षं ती उभीच आहे. बस म्हणून सांगितलं का कुणी?"

काकूंनी अर्जाची घडी करून ती कमरेला खोचली. "संध्याकाळी तिला ओहोळावर आणा," लखमा म्हणाला.

संध्याकाळी सगळे ओहोळावर गेले. आत्यांना खुर्चीत बसवून आणलं होतं. वेशीवरून येताना काकूंनी अंगाईला तांब्याभर पाणी दिलं आणि एकही प्रश्न न विचारता तिला सोबत घेतलं.

"हिच्यात कुठली नदी?" लखमाने आत्यांना विचारलं.

"कांडवी."

"हो का? हा सुका ओहोळ. पाणी कमी आहे, पण जागा आहे."

मग तो ओहोळाकडे तोंड करून त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला. बराच वेळ काही झालं नाही. मग ओहोळावरचं गाणं, जे त्याच्या आज्याच्या आज्यापासून जागचं हललेलं नव्हतं, ते थोडं उजवीकडे सरकलं.

अंगाई बसली. आत्यांनी तोंड उघडलं आणि कांडवीचा घाट, चिंच, पायऱ्या असं सगळं एकेक करून बाहेर आलं. आवाज चिरका होता. तान्ही तिसऱ्या पायरीलाच झोपली.

अंगाई घरी मात्र परत येत नाही. ज्याला ऐकायची त्याने ओहोळावर जायचं. ग्रामसेवकाने रकान्यात लिहिलं आहे: एक, राहणार ओहोळ, डावी बाजू.

आता रोज संध्याकाळी आत्यांची खुर्ची, पौर्णिमा, तान्ही आणि काही काम नसताना मालनकाकू वर जातात. निघताना गाण्याला पाठ दाखवायची नाही, ही तिथली रीत. पौर्णिमा सरळ चालते. खांद्यावरून तान्हीचं तोंड ओहोळाकडे असतं, तेवढं पुरतं, असं लखमाने सांगितलं आहे. काकू मात्र थेट वेशीपर्यंत उलट्या पावलांनी उतरतात. त्यामुळे वसाहतीत कुणाकडे कोण आलंय, ते अलीकडे त्यांना सगळ्यांच्या नंतर कळतं.