दस्तगीर मास्तरांच्या देशोदेशीच्या बालवाड्या

दस्तगीर मास्तरांकडं कोट शिवायला टाकला की तो वेळेवर मिळायचा, पण आतल्या खिशाचं बटण मिळायचं नाही. गिऱ्हाईक परदेशी निघालेलं असेल तर हे हमखास. नव्वद सालच्या आसपास आमच्या कोल्हापुरात कोट शिवणारी माणसं दोनच प्रकारची: नवरदेव आणि परदेशी निघालेली. नवरदेवाला मास्तर सगळी बटणं लावून द्यायचे. दुसऱ्याला म्हणायचे, "पावणं, तिथली एक बालवाडी बघून या. पोरं काय करत्यात, बाई काय करत्यात, नीट बघा. परत येऊन मला सांगा, मग बटण लावतो."

"मास्तर, मी मशिनरी बघायला चाललोय!"

"मग जाता जाता बघा की. पोरं काय मशिनीच्या आड येत्यात व्हय?"

मंगळवार पेठेत त्यांच्या दुकानासमोरच माझी बालवाडी. त्यामुळं एक घोळ कायमचा. कपडे शिवणारे ते मास्तर, आणि शिकवणारी मी नुसती बाई. नवे पालक 'मास्तर कुठं बसतात' असं विचारत पोराला घेऊन त्यांच्याच दुकानात शिरायचे. मास्तर सवयीनं पोराची उंची मापायचे आणि मग माझ्याकडं पाठवायचे.

पहिली बातमी आली जपानची. उद्यमनगरातले एक फौंड्रीवाले जाऊन आले होते. मास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून रस्ता ओलांडून आले. "बाई, जपानात पोरं वर्ग स्वतः झाडत्यात! फरशी पुसत्यात! शिपाईच न्हाय!"

मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी वीस पोरांच्या हातात वीस फडकी दिली. पोरं इतकी रंगली की त्यांनी फरशी पुसली, भिंत पुसली, आणि शेवटी एकमेकांना पुसलं. संध्याकाळी एका पोराची आई कंबरेवर हात ठेवून दारात उभी. "बाई, पोरांच्याकडनं झाडून घेता व्हय? मग आमी फी कशाला देतोय?"

त्यातून सावरेपर्यंत जर्मनी आली. तिथं म्हणे सहा वर्षांपर्यंत अक्षर दाखवतच नाहीत. पोरं रानात सोडतात, पाऊस असो, चिखल असो. मास्तरांनी ओळखीच्या टेंपोवाल्याला गाठलं आणि आमची सगळी फौज कसबा बावड्याला एका शेतात नेली. पोरं निसर्गात रमली नाहीत, उसात रमली. परतताना सगळ्यांची तोंडं चिकट, दोघांच्या चपला गायब.

पुढच्याच महिन्यात राजारामपुरीतले एक डॉक्टर इंग्लंडहून आले. ते म्हणाले, तिथं चौथ्या वर्षी अक्षरांचे आवाज शिकवायला सुरुवात करतात.

मास्तर माझ्या दारात डोकं धरून बसले. "आता ह्यो इंग्लंड आन त्यो जर्मनी किती लांब असतील वो एकमेकांपासनं? कोल्हापूर ते मुंबई धरा. तेवढ्यात पोरांची डोस्की बदलत्यात व्हय? नेमकं खरं कुणाचं?"

मी काय सांगणार? मी बालवाडीचा कोर्स केलेला. त्यात कागदाची फुलं आणि गाणी शिकले होते. 'खरं कुणाचं' हा धडा नव्हता.

मग फ्रान्समध्ये पोरं ताटं मांडून सावकाश जेवतात असं कळलं. डेन्मार्कमध्ये तान्ही पोरं थंडीत बाहेर झोपवतात असं कळलं, आणि ते मास्तरांनी माझ्यापुढं तीन वेळा सांगितलं, कारण त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. अमेरिकेत पोरानं काहीही केलं तरी 'व्हेरी गुड' म्हणतात. हे ऐकल्यावर मास्तर चार दिवस माझ्या वर्गाच्या खिडकीत उभे राहून 'व्हेरी गुड' म्हणत होते. एका पोरानं पाण्याची कळशी उपडी केली, त्यालाही.

एकानं बालवाडी न बघताच थाप मारली. मास्तरांनी विचारलं, "पोरांच्या चपला कुठं ठेवत्यात?" पावणं गडबडलं. त्याच्या कोटाचं बटण अजून मास्तरांच्या गल्ल्यात असेल.

हसण्यावारी न्यावं असं हे. पण एकदा जूनमध्ये माझ्या वीस पोरांची अकरा झाली. इंग्रजी शाळांच्या मुलाखती सुरू झाल्या होत्या. साडेतीन वर्षांच्या पोराला तिथं एलिफंटचं स्पेलिंग विचारायचे. पालक म्हणाले, "बाई, तुमच्यात कधी झाडू, कधी ऊस. एबीसीडी कधी?" आणि गेले. मी माझ्यावर चिडले, पालकांवर चिडले, आणि ते सगळं घेऊन रस्ता ओलांडून मास्तरांच्या दुकानात गेले.

मास्तर एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्याला जुन्या मापाची पँट हवी होती. मास्तरांनी वही काढली नाही. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या आपल्या मुलीला हाक मारली, "नसीम, सुतारभाऊंचं?"

"कंबर छत्तीस, उंची एक्केचाळीस, मांडी चोवीस. डावा पाय थोडा आखूड," ती मान वर न करता म्हणाली.

नसीम तेव्हा अठ्ठावीसेक वर्षांची. मी तिला रोज बघायची, पण तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. गिऱ्हाईक गेल्यावर मी भांडण विसरून विचारलं, "हे कुठं लिहून ठेवत नाही तुम्ही?"

"पेठेतली दोन-तीनशे माणसं हायत तिच्या डोक्यात," मास्तर म्हणाले. मग आवाज खाली घेऊन, "तिला लिवता येत न्हाय." आणि त्यांनी तिला चहा करायला आत पाठवलं.

"चार वर्षांची हुती," ते म्हणाले. "शाळेत जाताना रडायची. मी उचलून न्यायचो, तिथल्या बाईंच्या हातात द्यायचो आन मागं न बघता दुकानात. महिन्यानं रडायची थांबली. मला वाटलं, रुळली. तर बोलायचीच थांबली हुती. शाळेत तोंड उघडंना. दोन वर्षांनी त्यांनी मला बोलवून सांगितलं, पोरगी मंद हाय, घरी ठेवा. आन मी ऐकून घेतलं की, बाई. एक शब्द उलटा विचारला न्हाय. ती धा वर्षांची असताना माझं चुकल्यालं माप तिनं सांगितलं, तवा मला कळलं. तवर तिची आईबी गेली हुती, घर तिच्याच अंगावर."

त्यांनी टेपची गुंडाळी केली, सोडली, परत केली.

"एवढं देश झालं. कुठं तरी जमलं असतं न्हवं तिला? बाई, तुमी शिकल्याल्या हायसा. कुठल्या देशात जमलं असतं?"

जपान म्हणावं तर तिथं सगळं रांगेत. जर्मनी म्हणावं तर ही पोर रानात घाबरली असती. मी खरंच एकेक देश मनात घेऊन त्यात चार वर्षांची नसीम उभी करून बघत होते, आणि माझा पुरता गोंधळ उडाला होता. तेवढ्यात नसीम चहा घेऊन आली आणि मी न ठरवताच बोलून गेले.

"नसीम, उद्यापासून माझ्याकडं येशील? पोरांना सांभाळायला. आणि पोरं गेली की आपण दोघी पाटी घेऊन बसू."

ती बापाकडं बघायला लागली. मग रस्त्यापलीकडच्या माझ्या दाराकडं. "पोरं हसतील," ती म्हणाली.

"माझ्यावर पण हसतात. चालतंय की."

दुसऱ्या दिवशी ती आली. मास्तर सोबत, इस्त्रीचा शर्ट घालून. उंबऱ्याशी ती थबकली. आत एक नवं पोरगं भोकाड पसरून बसलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग चप्पल काढून आत गेली आणि त्याच्या शेजारी, त्याला हात न लावता, नुसती बसली.

थोड्या वेळानं तिनं वळून बघितलं. "अब्बा, तुम जाव ना अब."

"व्हय, जातो," मास्तर म्हणाले, आणि माझ्या पायरीवर बसले.

दहाच्या सुमाराला लुनावरून एक गिऱ्हाईक आलं. बंद दुकान बघितलं, मग पायरीवरचे मास्तर बघितले. "मास्तर, हितं काय करताय? माझी पँट न्यायची हुती, सांच्याला लगीन हाय!"

मास्तर उठले नाहीत.

"आज न्हाय, पावणं," ते म्हणाले. "आज पोरगीला शाळेत घातलीया."