अजीजभाईंचं नोझल

अजीजभाई कुठलाही छापील कागद आधी हुंगतात. मग अंगठ्याला थुंकी लावून कोपऱ्यावर घासतात. रंग सुटला तर शाई खरी. नाही सुटला तर, "याच्यात कायतरी लफडं हाय."

अकोल्यात बस स्टँडमागे त्यांचा फोटो स्टुडिओ आणि भिंतीपलीकडे माझा कॉम्प्युटर क्लास. तेवढ्या शेजारावर मी त्यांचा तांत्रिक सल्लागार झालो होतो. बिनपगारी आणि बिनडोक. माझ्याच सल्ल्याने त्यांनी एकदा स्वस्त शाई भरली आणि आठवडाभर निम्म्या अकोल्याचे पासपोर्ट फोटो कावीळ झाल्यासारखे निघाले. तेव्हापासून माझं ऐकताना ते एक डोळा बारीक करतात.

त्यांचा इंकजेट प्रिंटर म्हातारा झाला होता. मी कलर लेझरचा धोशा लावला.

"शाई नाई? पावडर? मंग फुंकर मारली तं फोटो उडंन ना!"

"तो भाजून चिकटवतो, अजीजभाई."

"भाजते? मानसाचा फोटो हाय का भरताचं वांगं?"

एव्हाना संशयाची लागण मलाही झाली होती. रोज सकाळी ते एक मोठा रंगीत फोटो काढून पेपरात गुंडाळत. दुपारी कुणीतरी तो नेई. ना पावती, ना पैसे. विचारलं की, "शाईचं नोझल सुकते, सर. रोज एक पान चालवावं लागते." नोटा तर छापत नाहीत ना, म्हणून मी एकदा त्यांची केराची टोपली उपसली. नोटा नव्हत्या. जांभळी शाई मात्र चार दिवस माझ्या बोटांवर विद्यार्थ्यांनी पाहिली.

शेवटी ओळखीच्या दुकानातून एक लेझर दोन दिवसांसाठी आणून मी त्यांच्या टेबलावर ठेवला. ते त्याला हुंगतच होते, तेवढ्यात खेड्यावरची एक बाई आली. रुमालात नवऱ्याचं मतदान ओळखपत्र. घरात त्याचा दुसरा फोटोच नव्हता. नापिकीच्या त्या वर्षांत आमच्याकडे गावोगावच्या भिंतींना असे अचानक हार घातलेले फोटो लागत.

"शर्ट कोन्त्या रंगाचा घालू, माय?" अजीजभाईंनी विचारलं.

"आकाशी. आवडे त्याहिले."

"उद्या दुपारी ये. पैसे नाई लागत. नोझल सुकू नये म्हनून मले रोज एक पान काढावंच लागते."

मी लेझरच्या पाठीवर थाप मारली. "ती कटकट संपली आता! हा महिनाभर बंद ठेवा, सुकायचं नाव नाही!"

बाई थबकली. पदराची गाठ सोडू लागली. "मंग किती द्याचे, भाऊ?"

अजीजभाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी दोन्ही डोळे बारीक. मला कळलं, नेहमीप्रमाणे उशिरा.

"तसा... सुकतो," मी घसा खाकरला. "लेझरही सुकतो. इंकजेटपेक्षा जास्तच."

"आयकलं ना, माय? सर शिकलेले हायेत. बांध ती गाठ."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर गेलो. लेझरमधून आकाशी शर्टातला माणूस बाहेर आला, अजून गरम. अजीजभाईंनी तो हुंगला. अंगठ्याला थुंकी लावली, आणि घासण्याऐवजी तो अंगठा स्वतःच्या पँटला पुसला.

"सर, रंग खरंच नाई सुटत ना? पावसायात खेड्यातल्या भिंती पाझरतात."

"नाही सुटत."

त्यांचा डोळा बारीक झाला नाही.

लेझर राहिला. माझ्या साक्षीने तो रोज सुकतो.